थकल्याभागल्यांचा रविवार

रविवार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो कुणीतरी भांडून मिळवून दिलेला आहे, हे ध्यानातही राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे पहाटे वाजत, पण आठवड्यातून एक दिवस ते वाजू नयेत अशी काही तरतूद नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले आणि त्यातली पहिली मागणी ठेवली ती रविवारच्या सुट्टीची. ती पदरात पडायला १८९० चा जून उजाडावा लागला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, पक्के सत्यशोधक. त्यात रविवार आपल्याकडे खंडोबाचा वार. म्हणजे मालक साहेबाच्या देवाचा दिवस म्हणून सुट्टी देणार आणि कामगार जेजुरीच्या देवाचा दिवस म्हणून ती घेणार, अशी मोठी गमतीची सोय त्यात आपोआपच झाली होती.

पण साहेबाकडे तरी हा दिवस आला कुठून? रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये फर्मान काढले की, रविवारी न्यायालये आणि शहरांतले उद्योग बंद राहावेत. शेतकऱ्यांना मात्र त्याने मोकळीक दिली. पेरणीचा वाफसा गेला तर सम्राट काय करणार! त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती माणसे रविवारी एकत्र जमत होती, ती कामाच्याच दिवशी. ख्रिस्ताचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, या श्रद्धेने पहाटे भेटायचे, प्रार्थना करायची, भाकर मोडायची आणि मग ज्याने त्याने आपापल्या धन्याच्या कामाला लागायचे. त्यांतले कितीतरी जण गुलाम होते. त्यांचा रविवार आरामाचा नव्हताच.

आरामाचा दिवस होता तो ज्यूंचा शब्बाथ. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. त्याचे दर्शन मराठी माणसाला फार जुने आहे, पण आपण ते वेगळ्या नावाने ओळखत होतो. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या आसपासच्या गावांत बेने इस्रायली लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले, शनिवार तेली. का बंद ठेवतात, हे कुणी फारसे विचारले नसावे. या शब्बाथाच्या आज्ञेत एक गोष्ट विशेष आहे. विश्रांती घराच्या धन्यापुरती नाही. गडी, मोलकरीण, परगावाहून आलेला उपरा आणि गोठ्यातली जनावरे या सगळ्यांना तो दिवस मोकळा द्यायचा आहे. आपल्याकडे बैलांना पोळ्याचा एक दिवस मिळतो, इथे तो दर आठ दिवसांनी आहे.

हे सगळे सांगायचे कारण असे की, सुट्टी आणि विसावा हे दोन शब्द आपण हल्ली एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. सुट्टी कॅलेंडरवर लाल अक्षरात छापता येते. विसाव्याचे तसे नाही. वारीच्या वाटेवर ‘विसावा’ नावाच्या ठरलेल्या जागा असतात. पालखी तिथे थांबते, माणसे पाणी पितात, पाय चेपतात, कुणी झाडाखाली डोळा लावतो. पण तो मुक्काम नसतो. वाट अजून शिल्लक असते, हे सर्वांना ठाऊक असते. ख्रिस्ती धर्मात ‘विसावा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे आणि त्याचा अर्थ मला तरी या पालखीच्या विसाव्याशी जवळचा वाटतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायाच्या शेवटी, ख्रिस्ताने कष्टी आणि ओझ्याने वाकलेल्या माणसांना आपल्याकडे विसाव्यासाठी बोलावले आहे. हे आमंत्रण बहुतेकांच्या कानावर असते; दवाखान्यांच्या आणि चर्चच्या भिंतींवर ते लिहिलेले असते. मात्र भिंतीवर बहुधा त्याचा पहिला अर्धाच भाग असतो. त्याला लागूनच ख्रिस्त सांगतो की, माझे जू खांद्यावर घ्या. आता दमल्या बैलाला विसावा देतो म्हणायचे आणि त्याच दमात जू पुढे करायचे, हा कुठला न्याय? ज्याने औत हाकले आहे त्याला मात्र हे कोडे तितकेसे अवघड वाटणार नाही. जू एकट्याचे नसते. नवा गोऱ्हा शिकवायचा तर त्याला जुन्या, जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात. ओढ जाणता बैल घेतो, गोऱ्हा नुसता चाल शिकतो. विसावा हा असा जोडीदाराने मिळणारा आहे, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. खरे-खोटे ज्याचे त्याने ठरवावे. पण महाराष्ट्रात अशी दोन-तीन माणसे होऊन गेली, ज्यांनी हे वचन स्वतःच्या आयुष्यावर घासून पाहिले. त्यांची हकीकत ख्रिस्ती नसलेल्या वाचकानेही ऐकावी अशी आहे.

पहिल्या अर्थातच पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ च्या एप्रिलमधला, सह्याद्रीतल्या गंगामूळ या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवायचा हट्ट धरला आणि त्यापायी रानात संसार मांडला. मुलगी सहा महिन्यांची असताना तोही मोडला. वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावरून रमाबाईंचा पहिला प्रवास झाला. मग पंधरा-सोळा वर्षे तीर्थामागून तीर्थ, देवळामागून देऊळ. पुराणे सांगायची, मिळेल त्यावर राहायचे, उरेल ते दान करायचे. १८७४ ते १८७७ च्या दुष्काळी सालांत वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत उत्तरेला गेली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, थडग्यात झोपावे तसे त्यांत झोपले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि कसलाही गहिवर न आणता लिहिले आहे.

पुढचे बरेचसे आपल्याला शाळेतल्या धड्यांतून माहीत असते. १८७८ मध्ये कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या. १८८० मध्ये भावाचा मृत्यू. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह. १८८२ मध्ये पटकीने त्यांचेही निधन. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये त्या विलायतेला गेल्या. वाँटेज या गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात उतरल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी तिथे आत्महत्या केली. सप्टेंबरच्या २९ तारखेला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या बाप्तिस्म्यावर महाराष्ट्रात जी राळ उडाली, ती अजून पुरती खाली बसलेली नाही. पण त्यामागे काय होते, याचा रमाबाईंनी दिलेला तपशील बारकाईने वाचण्यासारखा आहे. लंडनमधल्या फुलहॅम येथे त्या भगिनी वाट चुकलेल्या बायकांसाठी एक आश्रम चालवत. तो पाहून रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांना कुणी जवळ घेते, हेच त्यांना नवे होते. कशासाठी करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्या गोष्टीत भर दुपारी ख्रिस्त स्वतः चालून थकलेला आहे, विहिरीच्या काठावर बसला आहे आणि गावाने ओवाळून टाकलेल्या, परजातीच्या एका बाईकडे पाणी मागतो आहे. जन्मभर अनवाणी चाललेल्या बाईला देव थकून बसलेला दिसावा, याचे मोल आपण घरात बसून कसे करणार? धर्मशास्त्रांत कशावरही एकमत नसले तरी स्त्री आणि शूद्र यांना मोक्ष नाही, यावर मात्र आहे, असे त्यांचे वाचनान्ती मत झालेले होते. इथे तो अडसर नव्हता.

म्हणजे १८८३ मध्ये त्यांना विसावा मिळाला का? नाही. मला त्यांच्या चरित्रातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. बाप्तिस्मा झाला, पण भांडणे सुरूच राहिली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आहे. त्यात ही बाई कुणाच्याच धाकात राहताना दिसत नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद, बिशपांच्या अधिकारावर वाद. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तर मला न समजणाऱ्या लॅटिनपेक्षा संस्कृत का नको, असा रोकडा सवाल. सिस्टर जेराल्डिनना हा गर्व वाटे. रमाबाईंना आपल्या सदसद्विवेकावर दुसऱ्याचा ताबा नको होता. एका पंथाला सोडून दुसऱ्याकडे यावे, तो तिथेही चार पंथ आपापसात भांडत बसलेले. विलायतेत आणि मग अमेरिकेत त्यांनी ते पुष्कळ पाहिले.

१८८९ च्या ११ मार्चला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. काम वाढले, नाव झाले, आणि आत मात्र कोरडे पडत चालले होते. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे कबूल केले आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली तरी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म तेवढा मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही, हे त्यांना उमगले. ते उमगायला निमित्त झाले विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे पुस्तक. या हॅस्लमची गोष्टही विलक्षण आहे. कॉर्नवॉल प्रांतातल्या आपल्या चर्चमध्ये १८५१ साली तो वेदीवरून प्रवचन करत होता आणि दुसऱ्यांना सांगता सांगता त्याच्या लक्षात आले की, हे आपल्यालाच अजून पोचलेले नाही. स्वतःच्याच प्रवचनाने त्याचे परिवर्तन झाले! रमाबाईंना ते वाचून आरशात पाहिल्यासारखे झाले असले पाहिजे. त्याही बोलत होत्या, लिहीत होत्या, संस्था चालवत होत्या. १८९१ च्या सुमारास त्यांनी वाद घालणे थांबवले आणि शरण गेल्या. आपल्या पदराला पुण्य नाही, पांडित्याचाही उपयोग नाही, जशा आहोत तशा आपण स्वीकारल्या गेलो आहोत, हे त्यांनी मानले. साक्षीत त्या क्षणानंतरच्या शांतीचे वर्णन येते ते अगदी साधे, एखाद्या मुलाने निकाल सांगावा तसे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या शांतीची किंमत त्यांच्याभोवतीच्या माणसांनीही मोजली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या भरवशावर रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी पाठीशी उभी होती. रमाबाई आता आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करू लागल्या आणि मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये प्रकरण पेटले, ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंचे म्हणणे असे की, हिंदू विधवेला आपल्या घरात आपल्या देवाची पूजा करता येते, तर मला माझ्या खोलीत का नको? म्हणणे खोटे नव्हते. पण ज्या अटीवर मदत घेतली तिचा अर्थ मदत करणाऱ्यांनी वेगळा लावला होता, हेही खोटे नव्हते. ज्याला नुकतीच शांती सापडलेली असते, त्याला दार लोटून घेणे जमत नाही, एवढेच फार तर म्हणता येईल.

आणि मग जू खांद्यावर आले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात वाळूत झोपलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली-बायका घेऊन परत आली. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. तिथल्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांची शाळा, सगळे तिथेच. विसावा सापडलेल्या माणसाचे हे वेळापत्रक पाहून आपल्यालाच धाप लागावी.

१९०५ च्या जूनमध्ये केडगावला वेगळेच काही घडले. रमाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीला रोज प्रार्थनेसाठी जमायला बोलावले, तेव्हा सत्तरेक जणी आल्या. ती संख्या वाढत शेकड्यांवर गेली. आणि एके दिवशी मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, गाऊ लागल्या. ख्रिस्ती लोक याला संजीवन म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्या कित्येक मिशनरींना तो गोंगाट आवडला नाही. रमाबाईंनी मुलींचा पक्ष घेतला. भारतीय माणसाला त्याच्या रीतीने भक्ती करू द्या, हा त्यांचा आग्रह. आपण विसावा म्हटले की शांतता गृहीत धरतो. या मुलींनी उपासमार पाहिली होती, कुणी आई-बाप रस्त्यावर मरताना पाहिले होते, कुणी त्याहून भयंकर काही. वर्षानुवर्षे दाबलेले रडू एकदाचे बाहेर येणे हाही विसाव्याचाच प्रकार नाही का? घरातल्या माजघरात एखाद्या म्हातारीच्या अंगात येते, तेव्हा तिची सून थोडा वेळ मोकळी होते, असे एक जुनी माणसे हसत हसत सांगत. त्या हसण्यात जाण होती.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम बायबलच्या भाषांतराचे. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. हेतू एवढाच की, फारसे न शिकलेल्या बाईलाही वाचता यावे अशा सोप्या मराठीत ते उतरावे. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, जिच्या हाती सगळे सोपवायचे ती. तरी काम थांबले नाही. १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. ते १९२४ मध्ये छापून बाहेर आले. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे.

रमाबाईंची ती आठ कोरडी वर्षे हा काही अपवाद नाही. ख्रिस्ती परंपरेत अशी उदाहरणे ठायी ठायी सापडतात. संत ऑगस्टीन हा उत्तर आफ्रिकेतला वक्तृत्वाचा शिक्षक. आई मोनिका भाविक, मुलगा नुसता भटका. ३८६ साली मिलान शहरातल्या एका बागेत त्याच्या मनाचा कोंडमारा फुटला. पुढच्या वर्षी ईस्टरला बाप्तिस्मा घेतला, नोकरी सोडली, चार मित्रांबरोबर निवांत चिंतनात आयुष्य घालवायचे ठरवले. गावी जाऊन तसे घर मांडलेही. ३९१ मध्ये हिप्पो या बंदराच्या गावी सहज गेला, तर तिथल्या लोकांनी त्याला धरून जवळजवळ जबरदस्तीनेच धर्मगुरू केले. मग बिशप. ४३० मध्ये मरेपर्यंत गावाचे तंटे सोडवणे, गरिबांची दाद लावणे, प्रवचने करणे यांतून त्याची सुटका झाली नाही. जू, दुसरे काय!

आता रेव्हरंड नारायण वामन टिळक. रमाबाईंचा स्वभाव पोलादी, तर टिळकांचा वाऱ्यासारखा. १८६१ मध्ये दापोलीजवळच्या करजगावी जन्म, आणि मग एका गावी, एका नोकरीत, एका विचारात कधी टिकणे नाही. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त या फिरतीचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना आपण हसतो, पण हसता हसता मनात येते की, या बाईचे त्या काळात काय झाले असेल! नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. १८९५ च्या १० फेब्रुवारीला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते पुढे सांगत. हा पूल त्यांनी मागे वळून जाळला नाही, हे मराठी भाषेचे भाग्य. उपासनेत भजन आले, टाळ आले, कीर्तन आले. आज मराठी मंडळ्यांमध्ये ‘उपासना संगीत’ उघडले की टिळकांची गीते पानोपानी भेटतात.

टिळकांना विसावा सापडला तेव्हा लक्ष्मीबाईंचा मात्र होता नव्हता तो गेला. नवरा जिवंत आणि घर नाही, अशी सुमारे पाच वर्षे त्यांनी काढली. मग त्या टिळकांकडे परत आल्या, सोवळे-ओवळे सांभाळत राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचे बदलणे कुठल्या बागेत किंवा पुस्तकाने एका क्षणी झाले नाही. शेजारणीची पोरे, प्लेगची साथ, दारी आलेले अनाथ, यांच्या उस्तवारीत एकेक गाठ सुटत गेली. मला स्वतःला हा मार्ग अधिक ओळखीचा वाटतो. आपल्यातल्या बहुतेकांची मने अशीच, स्वयंपाक करता करता बदलतात.

टिळकांची दुसरी कहाणी १९१७ सालची. पंचावन्न उलटून गेलेली, अमेरिकन मराठी मिशनमधली बावीस वर्षांची सेवा, ‘ज्ञानोदया’चे संपादन, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव. माणसाने निवृत्तीचा विचार करावा असे वय. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एका पंक्तीला बसणार होते. मराठी ख्रिस्ती माणूस पोशाखाने, विचाराने आणि पैशाने परक्याच्या ओंजळीने पाणी पितो आहे, हे शल्य त्यांना वर्षानुवर्षे सलत होते. तरुणपणी घर सोडणारे पुष्कळ असतात. उतरत्या वयात, बांधलेले सगळे सोडून पुन्हा उघड्यावर यायला आत काहीतरी ताजे झालेले असावे लागते. दीडएक वर्षच त्यांना मिळाले. १९१९ च्या ९ मे रोजी ते मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी ओवी ओवीने पुरे केले. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि १९२७ मध्ये पुण्यात त्याचा आश्रम आला. त्या आश्रमाच्या साध्या राहणीत टिळकांचा दरबार थोडा तरी उरला, असे म्हणता येईल.

एकांतात जाऊन मन ताजे करण्याची एक शिस्तशीर रीतही ख्रिस्ती धर्मात आहे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १५२२-२३ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा या गावी, नदीकाठी जे चिंतन केले, त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ नावाचे छोटे पुस्तक निघाले. १५४८ मध्ये ते छापले गेले. तीस दिवस मौन आणि रोज ठरलेले ध्यान, असा तो क्रम. आपल्या मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो यांनी त्याला आपल्या मातीचा वास दिला. श्वासाकडे लक्ष द्या, कानावर पडणारे आवाज नुसते ऐका, मग प्रार्थनेला बसा, असे ते शिकवत. लोणावळ्याच्या त्यांच्या साधना संस्थेत देशोदेशीचे धर्मगुरू आणि भगिनी येत. १९८७ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे अकस्मात निधन झाले, आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही लिखाणाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. तो वाद धर्मपंडितांचा. मला खटकते ते निराळेच. श्वासाचे हे धडे आता कंपन्यांच्या शिबिरांतही देतात, हेतू हा की, माणूस सोमवारी दुप्पट काम करू शकावा. असा विसावा इंजिनात तेल घालण्यासारखा आहे. त्याने माणूस चालू राहतो, पण शब्बाथाच्या आज्ञेतला गडी आणि उपरा त्यात कुठेच नसतो.

हा गडी आणि उपरा महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात फार मोठा आहे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, जालना, सोलापूर या बाजूंना खेड्यापाड्यांत जी मंडळी ख्रिस्ती झाली, ती मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांतली. त्यांना रमाबाईंसारखे सिद्धान्ताचे प्रश्न पडले नसतील. गावाच्या पाणवठ्यावर जो शिवत नव्हता, त्याच्या मुलाला शाळेत बाकावर बसायला मिळाले, रविवारी घंटा वाजली की स्वच्छ कपडे घालून देवाच्या घरात पुढे जाऊन बसता आले. याला लोक ‘तांदळाचे ख्रिस्ती’ म्हणून हिणवत. हिणवणाऱ्यांनी कधी उन्हात गावकुसाबाहेर ताटकळत उभे राहून पाहिले नव्हते. अर्थात, जात चर्चच्या पायरीशी थांबली, असे मात्र झाले नाही. लग्ने जुळवताना ती पुन्हा पुढे आली, काही ठिकाणी बाकांच्या रांगांतही आली. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती दलित वगळले गेले ते वगळलेलेच आहेत. या मंडळ्यांमध्ये विसाव्याचे गीत टाळमृदंगावर रंगते, तेव्हा त्यामागे हे सगळे असते.

शेवटी एका साध्या अडचणीकडे वळतो. महाराष्ट्रात परिचारिकेच्या व्यवसायात सुरुवातीला ख्रिस्ती मुलीच पुढे आल्या. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. तशा ठिकाणी त्या शिकल्या आणि पुढे गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत गेल्या. आजारपण वार पाहून येत नाही. रविवारी सकाळी मंडळी उपासनेला जमतात, तेव्हा यांच्यातली कुणीतरी सलाइनची बाटली बदलत असते. तिच्या विसाव्याचे काय?

शुभवर्तमानांत ख्रिस्तावर सर्वांत जास्त वेळा जो आरोप झाला, त्यांतला एक हाच आहे की, हा माणूस शब्बाथ पाळत नाही. हात वाळलेल्या माणसाला, अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या बाईला त्याने नेमके विश्रांतीच्या दिवशी बरे केले. उद्या ये, असे तो म्हणू शकला असता. अठरा वर्षांत आणखी एक दिवस म्हणजे फार नव्हता. पण त्या बाईचा विसावा तिची पाठ सरळ होण्यात होता, आणि तो त्याने त्याच दिवशी दिला. रविवारी पाळी असलेल्या बायका संध्याकाळच्या उपासनेला येतात. अनेक शहरांत अशी दुसरी उपासना असते. मागच्या बाकावर बसतात, पायांतल्या चपला हळूच काढून ठेवतात, आणि पाळकसाहेबांचे प्रवचन लांबले तर एखादीचा डोळाही लागतो. शेजारीण तिला उठवत नाही.